बेचाळीस खुर्च्यांची जप्ती

जप्तीमामा गल्लीत शिरले की गल्ली आपोआप शहाणी व्हायची. पायऱ्यांवर गप्पा मारणारी माणसं आत जायची, रेडिओचा आवाज खाली यायचा, आणि ज्यांचं कुणाचं काही देणं नव्हतं तेही उगाचच दारातली सायकल आत ओढून घ्यायचे. मामा कोर्टाचे बेलीफ. कोर्टानं निकाल दिला आणि हरलेल्यानं पैसे भरले नाहीत, की वॉरंट घेऊन त्याच्या दारात जायचं, दोन पंचांसमोर सामानाची यादी करायची आणि सामान उचलून आणायचं, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं. अंगानं काडीसारखे, काखेत चामड्याची जुनी पिशवी, कानावर पेन्सिल. दुसऱ्याचं घर रिकामं करायला आलेला हा माणूस आधी पायपुसण्यावर पाय पुसायचा. त्यामुळे तर लोकांचं डोकं जास्तच फिरायचं.

आता महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. आठ दिवस उरले होते.

"बत्तीस वर्षं लोकांची घरं रिकामी केलीत," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती आणि तिची जीभ नेहमीप्रमाणे सुरीपेक्षा धारदार होती. "जाता जाता एकदा तरी कुणाचं भरून या. मला शेजारणींना सांगायला काहीतरी हवं की नको?"

"भरायचं काम माझं नाही. माझं न्यायचं."

"तेच म्हणते मी. नेणाऱ्याला कुणी निरोपाला हार घालत नाही."

मामा हसले, पण ते बोलणं त्यांना लागलं. कारण टेबलावर एक वॉरंट पडलं होतं आणि ते तीनदा हात हलवत परत आलं होतं. हरलेला पक्ष होता गावची नगरपालिका. जिंकलेला पक्ष होता एक शिवणकाम करणारी बाई. आणि त्या बाईशी मामांचा जुना हिशेब होता.

तिला सगळे टाचणीताई म्हणत, कारण बोलताना तिच्या ओठांत नेहमी दोन टाचण्या असत आणि तरी तिचा एकही शब्द अडखळत नसे. अकरा वर्षांपूर्वी पालिकेनं नवं सभागृह बांधलं. तिथल्या बेचाळीस खुर्च्यांची गादी-कापडं, खिडक्यांचे पडदे आणि सगळ्या सफाई कामगारांचे गणवेश शिवायचं काम ताईला मिळालं. तिनं सहा मशीन टाकली, पाच बायका कामाला ठेवल्या, कापड उधारीवर उचललं आणि ठरल्या तारखेच्या आधी दोन दिवस सगळा माल पोचवला. पालिकेनं टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, आणि पैसे मात्र दिले नाहीत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ताईच्या वाट्याला असे बावीस सहा महिने आले.

मधल्या काळात कापडवाल्यानं तिच्यावर दावा लावला. तो बिचारा तरी काय करणार! त्याचा निकाल लागला आणि वॉरंट घेऊन ताईच्या दारात गेलं कोण, तर जप्तीमामा. कारागिराच्या हातचं हत्यार उचलायचं नाही, पोट भरायला एक ठेवायचं, असा कायदा आहे. म्हणून मामांनी एक मशीन ठेवलं आणि पाच नेली. ताई रडली नाही, ओरडली नाही. पाचही मशीनना तिनं तेल घातलं, सुया काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाली, "नीट उचला हो भाऊ, तिसऱ्याचा पाय डुगडुगतो." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. कायद्यानं वागूनही माणसाला शरम वाटू शकते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे ताईनं पालिकेवर दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाण्याचे पैसे अडकले तर त्यानं कुठली पायरी चढावी हे कुणी सांगत नाही. ताई जिंकली. पालिका वरच्या कोर्टात गेली, तिथेही ताई जिंकली. आता पैसे द्यावेत की नाही? पण नाही. शेवटी न्यायाधीशबाईंनी पालिकेचं जंगम सामान जप्त करायचं वॉरंट काढलं आणि ते मामांच्या पिशवीत येऊन पडलं.

पहिल्या खेपेला मामा गेले तर मुख्य अधिकारी जागेवर नव्हते. चहा आला, बिस्किटं आली, साहेब काही आले नाहीत. दुसऱ्या खेपेला साहेब होते. गोरागोमटा, गोड बोलणारा माणूस, बोलताना हात असे चोळायचा की जणू साबण लावलाय. मामांनी गाडीकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, गाडी भाड्याची. कॉम्प्युटर? कंपनीचे. थंड हवेचं यंत्र? तेही भाड्याचं. भिंतीवरचं घड्याळ? कुणीतरी भेट दिलेलं, अजून नोंद व्हायचीय. पाण्याच्या टाकीला, दवाखान्याला आणि रस्त्यावरच्या दिव्यांना हात लावायचा नाही, हे मामांना कुणी सांगायची गरज नव्हती. लोकांचं पाणी तोडून बाईचे पैसे वसूल करायचे नसतात. मामा रिकाम्या हातानं परत आले.

त्यावर न्यायाधीशबाई चिडल्या. म्हणाल्या, तुमचं काय काय नाही ते ऐकलं, आता तुमचं काय आहे ते लिहून द्या, शपथेवर. मग साहेबांनी यादी केली. गाडी वाचवायची, यंत्र वाचवायचं, आपल्या केबिनमधला सोफा वाचवायचा, या नादात त्यांनी यादीत सगळं किडुकमिडुक भरलं. मोडकी कपाटं, गंजलेली शिडी, दोन ढोल, एक बिनचाकी हातगाडी. यादी फारच बारकी दिसते म्हणून शेवटच्या ओळीत आणखी एक गोष्ट टाकून दिली, आणि खाली झोकात सही ठोकली. तिसऱ्या खेपेला मामांनी कपाटं पाहिली. त्यांची किंमत हमालीपेक्षा कमी होती. शेवटच्या ओळीपर्यंत जायच्या आत साहेबांनी पुन्हा चहा मागवला आणि ऑफिस बंद व्हायची वेळ झाली.

वॉरंटची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मुदत टळली की पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, नवा बेलीफ, आणि नव्या बेलीफाला नवा चहा.

दुसऱ्या दिवशी मामा ताईला नोटीस द्यायला गेले. जप्तीच्या वेळी काय उचलायचं ते जिंकलेल्या पक्षानं दाखवायचं असतं. बेलीफानं सल्ला द्यायचा नसतो. मामांनी बत्तीस वर्षांत तो दिला नव्हता. ताई एका खोलीत राहत होती. खिडकीशी ते एकुलतं मशीन, भिंतीला कैची, आणि पलंगावर शाळेच्या पिशव्यांचा ढीग. ती पिशव्यांना बंद लावत होती.

"या भाऊ. या खेपेला काय नेताय?" ताई म्हणाली.

मामा ओशाळले. "न्यायला नाही. नोटीस द्यायला आलोय. आणि ही साहेबांची यादी, तुमची प्रत. मुदत तीस तारखेपर्यंत आहे."

"तीस?" ताईनं ओठांतल्या टाचण्या काढून बाहीला खोचल्या. मामांना ते पाहून नवल वाटलं, कारण तसं ती कधी करत नसे. "तीसला तर महिन्याची सभा."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला नाही तर कुणाला असणार? अकरा वर्षं दर महिन्याला जाते मी. सभागृहाच्या दाराशी उभी राहते. आत येऊ देतात, पण बसायला कुणी सांगत नाही. उभ्यानं सगळं ऐकलंय." ती बोटांवर मोजायला लागली. "माझं बिल दर वेळी विषयपत्रिकेवर असतं, भाऊ. खोटं कशाला बोलू! असतं. पण शेवटचं. एकतिसावं. अकराला सभा सुरू होते. पहिल्या विषयावर एक जण तासभर बोलतो, दुसरा त्याचं खोडून काढायला सव्वा तास. एक ते मुद्देवाले आहेत, ते उठले की मी दाराला टेकून डुलकी काढते. एक वाजता जेवण. जेवून निम्मे घरी पळतात, मग माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब. सतराव्या विषयाच्या पुढे गाडी गेलेली मी आजवर पाहिली नाही. माझ्या पैशाला कुणाचा विरोध नाही हो. माझ्यापर्यंत कुणी पोचतच नाही."

ताई यादी वाचत होती. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ती पुन्हा वाचू लागली, मग तिनं चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. तुम्ही सल्ला देत नाही ना? मग मीही विचारत नाही. तीसला सकाळी साडेनऊला या. हमाल जास्त आणा."

मामांनी शेवटची ओळ बाहेर रस्त्यावर जाऊन वाचली. तिथे लिहिलं होतं: सभागृहातील खुर्च्या, गादीसह, नग बेचाळीस. मामा रस्त्यात एकटेच हसले आणि समोरून येणाऱ्या माणसानं घाबरून आपली सायकल दुसऱ्या बाजूला घेतली.

तीस तारखेला साडेनऊला मामा पालिकेच्या आवारात हजर झाले. बरोबर सहा हमाल, एक टेंपो आणि दोन पंच. एक पंच समोरचा झेरॉक्सवाला, दुसरा कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा. ताई आधीच येऊन थांबली होती. धुवून इस्त्री केलेले कपडे, आणि ओठांत टाचण्या नाहीत.

"दाखवा," मामा म्हणाले.

ताईनं सभागृहाकडे बोट केलं. "त्या."

हमाल कामाला लागले. खुर्च्या भक्कम होत्या, जड होत्या. जिन्यात आणि दारात सफाई कामगार उभे होते, ताईनंच शिवलेल्या गणवेशांत. त्यांच्यातली एक दणकट बाई म्हणाली, "आम्ही उचलायला हात लावणार नाही हं ताई, नोकरीचा प्रश्न आहे. पण दार धरायला कुणाची परवानगी लागत नाही." मग दोघांनी दार धरलं, दोघांनी जिन्यातल्या कुंड्या सरकवल्या, आणि एकानं वळणावर उभं राहून "डावीकडे, डावीकडे!" असं ओरडायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मामा प्रत्येक खुर्ची उलटी करून तळाचा नंबर पाहत आणि यादीवर खूण करत. पावणेअकरापर्यंत आवारात खुर्च्यांच्या चार ओळी लागल्या.

तेवढ्यात साहेब आले. सभेचे सदस्यही येऊ लागले होते आणि आवारात खुर्च्या पाहून बऱ्याच जणांना वाटलं, आज सभा उघड्यावर आहे. दोघं बसायलाही गेले. मामांनी नम्रपणे सांगितलं, "बसू नका. कोर्टाच्या ताब्यात आहेत."

साहेबांचे हात चोळायचे थांबले. "अहो, हे काय चाललंय? आज सभा आहे!"

"आपल्याच यादीत आहेत, साहेब. शेवटची ओळ. सही आपली."

साहेबांनी यादी पाहिली, सही पाहिली. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलेला माणूस ओरडतो कसा, ते मामांनी अगदी जवळून पाहिलं. पण साहेब पक्के होते. क्षणात त्यांचा चेहरा उजळला. "थांबा! कामाचं हत्यार जप्त करता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. सभा घेणं हे आमचं काम. खुर्ची हे आमचं हत्यार! ठेवा सगळ्या परत."

ताईनं मामांकडे पाहिलं. हमालांनी हातातली शेवटची खुर्ची तशीच अधांतरी धरून ठेवली.

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. चहा पाजून परत पाठवायचं साहेबांना आजवर जमलं होतं, पण आज मामांना पाच मशीन आठवत होती, आणि तिसऱ्याचा डुगडुगणारा पाय.

"बरोबर बोललात साहेब," ते म्हणाले. "हत्यार नेता येत नाही. पोट भरायला एक ठेवावं लागतं. या बाईंकडे सहा मशीन होती, तेव्हा एक ठेवलं होतं. मीच ठेवलं होतं. कायदा सगळ्यांना सारखा." ते हमालांकडे वळले. "ती हातातली परत वर न्या. सभागृहाच्या मधोमध ठेवा. यांना एक खुर्ची सोडली, असं मी लिहून घेतो."

कुलपांवाला पंच इतका हसला की त्याची कवळी सुटायला आली.

सभा पुढे ढकलता येत नव्हती, ही त्यातली खरी मेख. महिनाअखेर होती, आणि विषय क्रमांक तीन होता सदस्यांचे भत्ते. आज मंजूर झाले नसते तर तीन महिने लटकले असते. साहेबांनी शिपायाला पिटाळलं, खालच्या कचेऱ्यांतून खुर्च्या आण म्हणून. शिपाई पंधरा मिनिटांनी एकटाच परत आला. "साहेब, कुणी उठायलाच तयार नाही. कर विभाग म्हणतो, गेल्या खेपेला खुर्ची दिली होती, ती अजून परत आली नाही. जन्म-मृत्यूवाल्या बाई तर खुर्चीला धरूनच बसल्यात."

शेवटी बेचाळीस जण उभ्यानं सभागृहात जमले. मधोमध ती एकटी खुर्ची. अध्यक्षाबाई वयानं आणि वजनानं भारदस्त, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि खुर्चीकडे निघाल्या.

"हरकत!" विरोधी बाजूचा एक जण म्हणाला. "सभागृहात सगळे सदस्य समान. बसायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही."

"माझे गुडघे समान नाहीत हो!" अध्यक्षाबाई म्हणाल्या. पण आपल्याच बाजूचे लोकही त्या खुर्चीकडे कसे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या. मग कुणीच बसलं नाही. खुर्ची तशीच राहिली, आणि बेचाळीस माणसं तिच्याभोवती घोटाळत उभी राहिली.

ताई दाराशी होती, नेहमीच्या जागी. मामा तिच्या शेजारी. आज पहिल्यांदाच सभागृहातले सगळे ताईसारखे उभे होते.

आणि काय सांगावं! पहिल्या विषयावर तासभर बोलणारे गृहस्थ उठायचे राहिले, कारण ते उठलेलेच होते. त्यांनी सवयीनं घसा खाकरला, "या गावाचा इतिहास पाहिला तर..." इथवर आले, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, आणि म्हणाले, "...तर तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझा पाठिंबा." त्यांना खोडून काढणाऱ्यांनी हातानंच 'ठीक' अशी खूण केली. दुसरा विषय दोन मिनिटांत, भत्त्यांचा तर दहा सेकंदांत. गटारं, दिवे, बागेचं कुंपण, स्मशानाकडचा रस्ता, सगळं धडाधड मंजूर. पाचव्या विषयाशी लोक भिंतींना टेकले. बाराव्याशी एकानं बूट काढले. सतरावा विषय आला तेव्हा ताईनं मामांचा हात घट्ट धरला, कारण त्याच्या पुढचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. अठरावा सुरू झाला. बाजारातल्या चौथऱ्यांचा होता तो, रुक्ष, आकड्यांनी भरलेला, आणि ताई तो एखादं गाणं ऐकावं तशी ऐकत होती.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना चिटणिसानं वाचलं, "विषय क्रमांक एकतीस. सभागृहाचे आणि गणवेशांचे शिवणकाम, कोर्टाच्या हुकमाप्रमाणे थकीत देणे, व्याजासह."

मुद्देवाल्यांनी हात वर केला. "माझा एक मुद्दा..."

"मंजूर!" एक्केचाळीस जण एका आवाजात ओरडले. खिडकीवरची कबुतरं उडाली. मुद्देवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "तोच मुद्दा होता. मंजूर."

अकरा वर्षांचं भिजत घोंगडं अर्ध्या मिनिटात वाळलं.

पण मामा हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा हात चोळायला घेतले होते. "झालं ना आता? ठराव झाला. पैसे निघतील, आठ-पंधरा दिवसांत. आता खुर्च्या वर आणा."

"आणतो की. पैसे मिळाले की लगेच," मामा म्हणाले. "नाहीतर टेंपो तयार आहे. आणि चेक नको साहेब. बँकेचा ड्राफ्ट. बँक खाली तळमजल्यावरच आहे, मी येताना पाहिली."

"ड्राफ्टला वेळ लागतो हो! हिशेबनीस, त्यांची सही, माझी सही..."

अध्यक्षाबाईंनी एक गुडघा चोळला आणि साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं की वर्गात मागच्या बाकावरच्या मुलानंही वही उघडली असती. "तुम्ही उभे का? जा की! आणि हिशेबनिसांना सांगा, मी इथे उभी आहे."

हिशेबनीस वीस मिनिटांत जिना चढून आले, धापा टाकत, ड्राफ्ट हातात. जे काम अकरा वर्षं 'प्रक्रियेत' होतं ते वीस मिनिटांचं होतं, हे पाहून मामांना हसावं की चिडावं ते कळेना. त्यांनी ड्राफ्टवरची रक्कम हुकमाशी ताडून पाहिली आणि तो ताईच्या हाती दिला.

ताईनं वाचला. मग पुन्हा वाचला. ज्या बाईला ओठांत टाचण्या असताना बोलता येत होतं तिला आज मोकळ्या तोंडानं येईना. जिन्यात सफाई कामगारांनी टाळ्या सुरू केल्या होत्या आणि सभागृहातल्याही काही जणांनी त्यात हात मिळवले. का कोण जाणे, कदाचित जेवणाची वेळ झाली म्हणून, पण मिळवले.

ताई अजून दाराशी उभीच होती. मामांना ते दिसलं. त्यांनी तिला हाताला धरून सभागृहाच्या मधोमध नेलं, त्या एकट्या खुर्चीपाशी, आणि म्हणाले, "बसा, ताई."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षाबाईंकडे पाहिलं.

"बसा हो," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "आमच्यातलं कुणी बसलं तर भांडणं लागतील. तुम्ही बसलात तर कुणाची हरकत नाही." आणि खरंच, हरकतवाले गप्प होते.

ताई बसली. आधी अगदी कडेवर, मग हळूहळू पाठ टेकवून. अकरा वर्षं ती या खोलीत येत होती आणि इथून खोली कशी दिसते हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात सवयीनं गादीच्या कडेवरून फिरला, खालच्या बाजूला गेला, कोपऱ्यातल्या दुमडीत शिरला. चेहऱ्यावर कामाच्या वेळचा बारकावा आला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"कापड विरलंय," ती म्हणाली. "बसून बसून चाळण झालीय. पण शिवण बघा माझी. एक टाका सुटलेला नाही."

मग ती रडली. मोकळेपणानं, हुंदके देऊन, आणि रडता रडताच हसत म्हणाली, "नवं कापड घालायचं असेल तर सांगा. पाच बायका परत बोलावते. पण या खेपेला पैसे आधी हं!"

सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या अध्यक्षाबाई. मग सदस्य जिना उतरून आवारात धावले आणि आपापली खुर्ची ओळखून, ती वर नेईपर्यंतही धीर न धरता, तिथेच उन्हात बसले. हमाल डोकं खाजवत उभे होते, कारण आता खुर्च्या माणसांसकट उचलायच्या की काय, ते कळेना.

मामा खिडकीशी गेले. कट्ट्यावर वॉरंट पसरलं, कानावरची पेन्सिल बाजूला ठेवून खिशातलं पेन काढलं. बत्तीस वर्षांतला त्यांचा हा शेवटचा अहवाल होता, आणि बायकोला वाचून दाखवायचा म्हणून त्यांनी अक्षर जरा घोटून काढलं. "वॉरंटची अंमलबजावणी झाली. पूर्ण रक्कम अर्जदारास पोचली. जप्त केलेल्या एक्केचाळीस खुर्च्या जागेवरच परत दिल्या." इथे ते थांबले. मागे वळून पाहिलं. ताई अजून बसली होती, डोळे मिटून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. कुणी तिला उठवत नव्हतं.

मामांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि सही केली.

"सोडलेली एक खुर्ची अर्जदारांच्या वापरात आहे. त्या स्वतः उठतील तेव्हा पालिकेला मिळेल."